जुन्या गाडीचा शुद्ध पाठ

जुनी मोटारगाडी नवी करून घेणें याला आपल्याकडे हौस म्हणतात. युरोप-अमेरिकेंत ती हौस केव्हांच व्यापार होऊन बसली आहे. या दोहोंच्या गोंगाटांत एक साधी गोष्ट ऐकूं येईनाशी झाली आहे. जीर्णोद्धार हें मुळांत वाचनाचें काम आहे. पोथी शोधणारा जसा आधीं लिपि, कागद आणि शाई पाहतो व मग अर्थाला हात घालतो, तसें नुकत्याच विकत घेतलेल्या गाडीपुढें बसलें पाहिजे, पान्हा त्यानंतर. प्रदर्शनांच्या हिरवळीवर ज्या चकचकीत पण निर्जीव गाड्या ओळीनें उभ्या असतात, त्यांतील बहुतेकींचे दोष कारागिरीचे नसून चुकीच्या वाचनाचे असतात.

इटालियन गाड्यांच्या बाबतींत हें वाचन विशेष अवघड, आणि म्हणूनच विशेष रसाळ. युद्धोत्तर इटलींतील कित्येक गाड्यांना दोन कर्ते असत: यंत्र एका शहराचें, अंग दुसऱ्या शहराचें. आल्फा रोमिओची ‘ज्युलिएत्ता स्पायडर’ हें त्याचें चांगलें उदाहरण. १९५४ सालीं तूरिनच्या प्रदर्शनांत बेर्तोने यांच्या कारखान्यानें घडविलेली बंद टपाची ज्युलिएत्ता स्प्रिंट प्रथम दिसली. न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन याला अमेरिकन गिऱ्हाइकांसाठीं उघडी, दोन आसनांची गाडी हवी होती. ती १९५५ सालीं पिनिन फारिना यांच्या हातून उतरली. बेर्तोनेनेंहि एक नमुना पुढें केला होता. तो अधिक नाटकी होता आणि मागें पडला. निवड योग्य झाली असें आम्हांस वाटतें. पिनिन फारिनाची रेषा दिव्यापासून निघून दाराशीं शांत होते आणि मागच्या चाकावर पुन्हां किंचित् उचलते. त्या उचलण्यांत जें आहे तें तेवढेंच आहे, अधिक कांहीं सांगण्याचा तिला सोस नाहीं. खालीं १२९० घनसेंटिमीटरचें, अॅल्युमिनियमचें, वर दोन कॅमशाफ्ट असलेलें इंजिन. यंत्र मिलानचें, अंग तूरिनचें. दोघांचा स्वभाव मात्र एक.

आतां समजा, एकाद्या गृहस्थानें अशी एक गाडी घेतली आहे. कागद म्हणतात ती १९५८ ची. रंग लाल. बॉनेटवर मधोमध फुगवटा. बाजूला अंग घडविणाऱ्याचा बिल्ला आहे, त्यावर ‘पिनिनफारिना’ हें नांव एका शब्दांत. इंजिनावरील क्रमांकाचा आरंभ ००११२ असा. विकणारा सांगतो कीं सर्व कांहीं मूळचें आहे. यांतील किती खरें?

बिल्ल्यापासून सुरुवात करूं. ‘पिनिन’ हें बात्तिस्ता फारिना यांचें टोपणनांव होतें. आडनांवाशीं तें जोडून ‘पिनिनफारिना’ असें एक नांव करण्यास इटालियन सरकारनें १९६१ सालीं अनुमति दिली. तेव्हां १९५८ च्या गाडीवरील एकशब्दी बिल्ला मागाहून आलेला आहे, याविषयीं वादच नको. फुगवट्याची गोष्ट तशीच. १९६२ सालीं ज्युलिएत्ताच्या जागीं ‘ज्युलिया’ आली. तिचें १५७० घनसेंटिमीटरचें इंजिन उंच असल्यामुळें बॉनेटला तो फुगवटा द्यावा लागला. ००११२ हा क्रमांकारंभहि त्याच इंजिनाचा, ज्युलिएत्ताचा नव्हे. मग ही गाडी मुळांतच ज्युलिया आहे काय? येथें घाई करणारा फसतो. दोन चाकांच्या आंसांमधील अंतर मोजावें. १९५९ पूर्वींच्या स्पायडरमध्यें तें २२०० मिलिमीटर होतें. त्या सालापासून २२५० झालें, आणि त्याबरोबरच दाराच्या कांचेपुढें लहान त्रिकोणी झडप आली. आपल्या गाडींत अंतर २२०० भरतें, दाराला झडप नाहीं, आणि इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला चासी क्रमांक १४९५ नें सुरू होतो, म्हणजे स्पायडरचाच. निष्कर्ष असा कीं सांगाडा खरोखर जुना आहे. इंजिन, बॉनेट आणि बिल्ला हे १९६१-६२ नंतरचे प्रक्षेप आहेत. राहिला रंग. डॅशबोर्डच्या पाठीमागें, दाराच्या आंतल्या अस्तराखालीं, जेथें रंगाऱ्याचा हात सहसा पोंचत नाहीं तेथें नखानें खरवडून पाहावें. तेथें फिकट राखी दिसली तर लाल रंगाचीहि वासलात लागली. लाल इटालियन गाडी हा जगाचा हट्ट आहे; त्या हट्टापायीं किती निळ्या, पांढऱ्या, राखी गाड्या लाल झाल्या याची गणना नाहीं.

शेवटीं कारखान्याच्या दप्तराची साक्ष काढावी. आल्फा रोमिओचें संग्रहालय व दप्तर मिलानजवळ आरेझे येथें आहे. चासी क्रमांक कळविल्यास गाडी कोणत्या दिवशीं तयार झाली, कोणत्या रंगाची होती, कोठें विकली गेली हें तेथून कळूं शकतें. पण आमचा आग्रह असा कीं हें पत्र सर्वांत शेवटीं उघडावें. आधीं पत्र वाचून मग गाडी पाहणारा पत्रांत जें आहे तेवढेंच पाहतो. उलट, गाडी स्वतः बोलते तें दप्तरांत कधीं नसतें. त्या काळीं पत्र्याचे भाग कारागीर हातानें जुळवीत, सांधे शिशानें भरीत, आणि कोणतें दार कोणत्या अंगाचें हें चुकूं नये म्हणून आंतल्या बाजूस आंकडा ठोकीत किंवा खडूनें लिहीत. साठ-सत्तर वर्षें अंधारांत टिकलेला खडूचा आंकडा हा अस्सल लेखकाच्या हस्ताक्षराइतका मोलाचा समजला पाहिजे. आणि नेमकें तेंच जीर्णोद्धाराच्या पहिल्या दिवशीं नाहींसें होतें! गाडी सुटी करून सांगाड्यावर वाळूचा मारा केला, कीं गंज जातो, रंगाचे थर जातात, शिसें उघडें पडतें, आणि खडूहि जातो. पुढें काम कितीहि सुंदर होवो, पुरावा परत येत नाहीं. या एका कारणासाठीं वाचन आधीं आणि हत्यार मागून.

येथवर कोणी आम्हांशीं भांडेल असें वाटत नाहीं. भांडण आहे तें पुढच्या प्रश्नाचें: ओळख पटली, आतां त्या प्रक्षेपांचें करायचें काय? बाजाराचें उत्तर तयार आहे. ज्या गाडींत चासी आणि इंजिन कारखान्यांतून निघाले तेव्हांचेच आहेत तिला मोठी किंमत. म्हणून १५७० चें इंजिन काढा, एकादें १२९० चें शोधा, रंग राखी करा, बिल्ला बदला. या उत्तराला अभ्यासाचा पोषाख चढविलेला असला तरी आंत तराजू आहे. त्याची परिणति कोठें होते हें जाणकारांना ठाऊक आहे: दुसऱ्या गाडीच्या इंजिनावरील क्रमांक घांसून तेथें हवा तो क्रमांक ठोकला जातो. मूळ पाठाच्या भक्तीनें सुरू झालेलें काम असें बनावट दस्तऐवजांत संपतें.

या प्रश्नावर इटलीनेंच फार चांगला विचार केला आहे. पण तो चित्रांच्या संदर्भांत. रोम येथें १९३९ सालीं जीर्णोद्धाराची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनीं १९६३ सालीं आपला जीर्णोद्धारसिद्धान्त ग्रंथरूपानें मांडला. त्याचें सार असें: कलाकृतीची भंगलेली एकात्मता सावरावी, पण खोटी कला वा खोटा इतिहास निर्माण करूं नये, आणि कृतीनें काळांतून जो प्रवास केला त्याच्या खुणा सरसकट पुसूं नयेत. भिंतीवरील चित्राचा तुकडा गळून पडला असेल तर ती जागा बारीक उभ्या रेघांनीं भरावी; दुरून डोळ्याला खड्डा जाणवूं नये, जवळ गेल्यावर मात्र ‘हें मागाहून भरलें’ असें कोणालाहि दिसावें. या रेघांइतकी प्रामाणिक युक्ति आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं.

परंतु ब्रांदीचा सिद्धान्त गाडीला जसाच्या तसा लावणारे एक गोष्ट विसरतात. त्यानें स्वतःच प्रारंभीं भेद केला आहे: कारखान्यांतील वस्तूचा जीर्णोद्धार म्हणजे तिचें काम पुन्हां सुरू करणें, कलाकृतीच्या बाबतींत तें गौण. मग ज्युलिएत्ता कोणत्या खान्यांत? तिची रेषा चित्राच्या खान्यांत बसते, ब्रेक यंत्राच्या. फ्रेस्कोवरील भेग कोणाचा जीव घेत नाहीं. सत्तर वर्षांचें रबर घेऊं शकतें. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें २०१३ सालीं मान्य केलेली तूरिनची सनद या पेंचावर उत्तर शोधूं पाहते. वास्तुरक्षणाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढें आहे, आणि बहुतेक उपदेश योग्य आहे: ढवळाढवळ कमींत कमी, बदल परत फिरवितां येण्याजोगे, जें केलें त्याची नोंद. गाडी चालती ठेवणें हाच तिच्या रक्षणाचा भाग मानण्यांत सनदेनें खरें धैर्य दाखविलें आहे. गाडी थांबली कीं तिचा अर्धा अर्थ थांबतो; इंजिनाचा आवाज, गिअरच्या दांड्याचा हाताला लागणारा प्रतिकार, तापलेल्या तेलाचा वास, हें कांचेच्या पेटींत ठेवतां येत नाहीं. आमचा आक्षेप एवढाच कीं सनदेचा भर नोंदवहीवर अधिक आहे आणि वस्तूवर कमी. वही गाडीपासून विलग होते. दोन मालक बदलले कीं ती कोणाच्या तरी कपाटांत राहते, आणि गाडी पुन्हां मुकी होते.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न किती निसरडा आहे हें एका फेरारीवरून दिसेल. चित्रपट-दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी याची १९५४ ची ३७५ एम. एम. ही गाडी प्रथम पिनिन फारिनानें अंग दिलेली उघडी स्पायडर होती. तिला अपघात झाला. तेव्हां मोदेनाच्या स्काल्येत्ती यांनीं तिला सर्वस्वी निराळें, बंद टपाचें अंग चढविलें. शुद्ध पाठाचा अंध उपासक येथें काय करील? स्काल्येत्तीचें काम फोडून आंतून पिनिन फारिना उकरून काढील! सुदैवानें गाडी समजूतदार हातांत पडली. जीर्णोद्धार झाला तो स्काल्येत्तीच्या रूपाचा. २०१४ सालीं कॅलिफोर्नियांतील पेबल बीचच्या प्रदर्शनांत तिला सर्वश्रेष्ठ गाडीचा मान मिळाला. फेरारीला तो मान तेथें प्रथमच लाभत होता. अपघातानें झालेला पाठभेदच येथें कृति ठरला. त्याच न्यायानें आपल्या कल्पित ज्युलिएत्तेचें १५७० चें इंजिन पाहावें. कोणा मालकानें चढावर दम राहावा म्हणून तें बसविलें असेल, आणि गाडी त्यावर तीस वर्षें धांवली असेल, तर तो तिच्या चरित्राचा भाग झाला. गेल्या सालीं गिऱ्हाइकाला भुलविण्यासाठीं चिकटविलेल्या बिल्ल्याला मात्र तो मान नाहीं. दोन्ही प्रक्षेपच, पण एक जगण्यांतून आलेला, दुसरा विकण्यांतून. हा भेद क्रमांकांच्या कोष्टकांत सांपडत नाहीं. तो टीकाकाराच्या विवेकानेंच करावा लागतो.

या विवेकाची एक घरची परंपरा आपल्याला आहे, तिची आठवण येथें अस्थानीं नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली. १९४३ सालीं ते वारले, काम १९६६ त पुरें झालें. त्या आवृत्तींत वगळलेले श्लोक फेंकून दिलेले नाहींत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले आहेत. आणि स्वीकारलेल्या पाठांतहि जेथें संपादकाची खात्री पूर्ण नाहीं, तेथें शब्दांखालीं नागमोडी रेघ आहे. पंडितानें आपली शंका छापून दाखवावी, याहून मोठा सभ्यपणा कोणता? रोमच्या उभ्या रेघा आणि पुण्याची नागमोडी रेघ एकाच वंशाच्या आहेत. गाडीच्या कारागिरालाहि अशी रेघ ओढतां येईल: नव्या पत्र्यावर आंतल्या बाजूस साल ठोकावें, जुन्या रंगाचा हातभर तुकडा डिकीच्या आंत तसाच ठेवावा, काढलेलें इंजिन भंगारांत न घालतां गाडीबरोबर पुढच्या मालकाला द्यावें. यांतील एकहि गोष्ट खर्चाची नाहीं. तरी ती क्वचितच होते, कारण परीक्षकांना आणि गिऱ्हाइकांना रेघ दिसलेली आवडत नाहीं.

हा प्रश्न आपल्याहि दाराशीं आला आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाटची ११०० डी ही गाडी १९६४ पासून निघूं लागली. पुढें तिचें नांव पद्मिनी झालें, आणि इटलींत ती बंद झाल्यावरहि कितीतरी वर्षें ती मुंबईंत बनत राहिली. मुंबईकरांनीं मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलें. २०२३ च्या ऑक्टोबरांत तिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, आणि आतां हौशी लोक उरलेल्या पद्मिनी शोधूं लागले आहेत. त्यांतील जो कोणी तिचा मुंबईचा बिल्ला उपटून, इटलीहून मागविलेली जाळी पुढें बसवून, ‘मूळ तूरिनचें रूप’ परत आणल्याचा अभिमान मिरवील, त्यानें पाठ शुद्ध केला असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्या गाडीचा पाठ कुर्ल्याचा आहे. मडगार्डावर गल्लींतल्या मिस्त्रीनें हातोडीनें काढलेल्या पोंचाची जागा, टपावर पिवळ्याखालीं लागलेला आदला रंग, मीटर बसविल्याचीं भोकें, हीं सारीं त्या पाठाचीं अक्षरें आहेत. भोकें बुजवायचीं असतील तर निदान आंतल्या बाजूनें तीं कोठें होतीं हें दिसेल अशीं बुजवावीं.