आद्य मूल्याचे प्रामाण्य : नॉकआउट लायब्ररीतील एक विसंगती

संगणकाच्या पडद्यावर एखादा अर्ज प्रथम उघडतो तेव्हा त्यातील रकान्यात कोणते मूल्य दिसावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. वस्तुतः तो प्रामाण्याचा प्रश्न आहे. स्टीव्ह सँडरसन यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या नॉकआउट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत पानावरील रकाना व मॉडेलमधील मूल्य परस्परांशी बांधले जातात आणि एकात झालेला बदल दुसऱ्यात उमटतो. परंतु बांधणीच्या पहिल्याच क्षणी ही दोन मूल्ये भिन्न असतील तर ग्राह्य कोणते धरावे?

नॉकआउटचा उत्सर्ग असा की, मॉडेल प्रमाण आणि पान गौण. सर्व्हरने रकान्यात ‘पुणे’ असे लिहून पाठविले, पण मॉडेलमधील ‘ऑब्झर्व्हेबल’ मूल्याविनाच घोषित केलेले असले, तर बांधणी होताच ‘पुणे’ पुसले जाऊन रकाना रिकामा होतो. वापरणाऱ्याने तो तसाच जतन केला, तर पूर्वीची नोंद नष्ट होण्याचा संभव असतो. येथे दोन भिन्न अवस्थांची गल्लत झाली आहे. ‘मूल्य रिक्त आहे’ हे विधान होय. ‘मूल्य सांगितलेले नाही’ हे मौन होय. जावास्क्रिप्ट भाषा रिक्त अक्षरमाला आणि ‘अनडिफाइन्ड’ यांत हा भेद राखते. लायब्ररी तो पडद्यावर मिटवून टाकते. पाणिनीच्या व्यवस्थेत लोप हे शास्त्राने विहित केलेले अदर्शन असते. नॉकआउट मात्र निव्वळ मौनालाच लोपाचा अधिकार देते.

याहून गंभीर बाब अपवादाची. रिक्त पर्याय नसलेल्या ड्रॉपडाउन यादीत तेच मौन उलट फल देते : पानावर आधीच निवडलेला पर्याय कायम राहतो व तोच मॉडेलमध्ये लिहिला जातो. एकाच अर्जात एका रकान्यापुरते मॉडेल प्रमाण, तर शेजारच्या रकान्यापुरते पान प्रमाण ठरते. ‘व्हॅल्यूअलाऊअनसेट’ हा पर्याय पुढे उपलब्ध झाला खरा. तथापि तो योजल्याखेरीज मूळ वर्तन बदलत नाही.

मॉडेलला एकमेव प्रमाण मानण्याचे तत्त्व सदोष आहे, असे मात्र नव्हे. एकच माहिती पानावर अनेक ठिकाणी दिसत असता तिचा उगम एक असणे इष्टच आहे. व्ह्यू या लायब्ररीतील ‘व्ही-मॉडेल’ही पानावरील आद्य मूल्याकडे दुर्लक्ष करते, परंतु तिच्या मार्गदर्शिकेत तसे निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे. रिअ‍ॅक्टने तर दोन अर्थांस दोन संज्ञाच दिल्या : सतत प्रमाण राहणाऱ्या मूल्यास ‘व्हॅल्यू’ आणि केवळ आरंभापुरत्या मूल्यास ‘डिफॉल्टव्हॅल्यू’.

नॉकआउट वापरणाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात. एक, सर्व्हरकडील मूल्ये प्रथम मॉडेलमध्ये घालून मगच बांधणी करावी. किंवा रकान्यातील मूल्य आधी मॉडेलमध्ये वाचून घेणारे स्वतंत्र बाइंडिंग रचावे. दोन्ही मार्ग निर्दोष आहेत, कारण दोहोंत प्रामाण्य कोणाचे हे उघडपणे सांगितले जाते. मौनाचा अर्थ ज्या व्यवस्थेत रकान्यागणिक बदलतो, तिच्यात तो वापरणाऱ्याने तर्काने ओळखावा अशी अपेक्षा करता येत नाही.