पंचरत्ने आणि प्रेक्षकांचा कौल

'कौल' हा शब्द आम्हा कोकणवासीयांना देवळाच्या गाभाऱ्यातून मिळाला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. मागणाऱ्याने हात जोडून वाट पाहायची. पुढे हा शब्द निवडणुकीत गेला, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत स्थिरावला, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी गाण्याच्या दारात येऊन उभा राहिला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आठदहा वर्षांचे पोर जीव ओतून गाते, परीक्षक डोळे पुसतात आणि सूत्रसंचालक हात जोडून सांगतात की आता निर्णय रसिक मायबापांच्या हाती. हा निर्णय नेमका कशाविषयीचा, याचा थोडा खोलात जाऊन विचार व्हावा असे आम्हास वाटते. या खेळाने आमच्या घरांतील संध्याकाळी व्यापल्या, आणि मुलांच्या गाण्याकडे पाहण्याची आमची दृष्टीही बदलून टाकली.

आरंभी असे नव्हते. १९९५ साली सोनू निगम यांच्या सूत्रसंचालनाखाली 'झी'वर 'सा रे ग म' सुरू झाले, तेव्हा निकाल संगीतक्षेत्रातील जाणत्यांकडे होता. प्रेक्षकांनी ऐकावे, चुकचुकावे, फार तर आपल्या मनाशी गुण द्यावेत. बेला शेंडे, श्रेया घोषाल ही नावे त्याच मंचावरून घरोघर पोचली. इंग्लंडात २००१ साली 'पॉप आयडॉल' निघाले आणि दूरध्वनीवरून मत देण्याची कल्पना जगभर फोफावली. आपल्याकडे २००४ साली 'इंडियन आयडॉल' आले. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत पहिला विजेता ठरला आणि मराठी घरांत दिवाळी झाली. त्या आनंदात सूर किती आणि आडनाव किती, याची वाटणी त्या वेळी कोणी केली नाही. तशी ती कोणी करतही नाही.

मराठीत या प्रकाराचा परमोत्कर्ष २००८-०९ मध्ये 'झी मराठी'वरील 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स'ने गाठला, याविषयी दुमत नसावे. पल्लवी जोशी यांचे सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांचे परीक्षण, आणि अखेरपर्यंत टिकलेली पाच मुले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत आणि आमच्याच रायगड जिल्ह्यातील अलिबागची मुग्धा वैशंपायन. त्यांना 'पंचरत्न' म्हटले गेले. एरव्ही जाहिरातीची वाटणारी ही उपाधी येथे सार्थ होती, कारण पाचांचे गाणे पाच निरनिराळ्या मातींतले होते. कार्तिकीच्या गळ्यात वडिलांकडून आलेली वारकरी भजनाची आणि गौळणीची खणखणीत परंपरा. तिचा आवाज मुळी मोकळ्या मैदानासाठी घडलेला. आर्याला घरातच आईकडून शास्त्रीय तालीम. भावगीतातील शब्द कोठे सोडावा आणि कोठे धरून ठेवावा, याची तिची समज वयाला अचंबित करणारी. प्रथमेशचा ओढा अभंग आणि नाट्यगीताकडे, कोकणातल्या देवळाच्या सभामंडपात ऐकू यावा तसा त्याचा भारदस्त सूर. रोहितने नव्या चालीची, अंगात वारे भरणारी चित्रपटगीते आपलीशी केली. आणि मुग्धा सर्वांत लहान. तिच्या गाण्याचे कौतुक होताना वयाचे कौतुक त्यात मिसळे, यात संशय नाही, परंतु तिचा सूर पक्का होता आणि पुढील वर्षांत तिने तो रीतसर शिक्षणाने सिद्धही केला.

या मालिकेचे खरे श्रेय आम्ही गीतांच्या निवडीला देतो. जी नाट्यपदे, जी भावगीते आकाशवाणीबरोबर आजोबांच्या पिढीत थांबली होती, ती दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या तोंडून पुन्हा स्वयंपाकघरापर्यंत आली. ख्रिस्ती मराठी घरांतही, जेथे नाट्यसंगीताचा संस्कार तसा बेताचाच, मुले ही पदे गुणगुणू लागलेली आम्ही ऐकली. परीक्षक गुण देत तेही आकड्यांनी नव्हे, सुरांच्या नावांनी. गुणपत्रिकेलाही गाण्याची भाषा बोलायला लावणारी ही युक्ती आम्हास फार आवडली होती.

आणि मग कौल आला. फेब्रुवारी २००९ मधील महाअंतिम फेरीत कार्तिकी विजेती ठरली. तिच्या गुणवत्तेविषयी आम्हास तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. प्रश्न वेगळाच आहे. गौळण, अभंग, भावगीत, नाट्यपद आणि उडत्या चालीचे चित्रपटगीत यांना एका ओळीत उभे करून 'यांतले पहिले कोणते?' असे लक्षावधी माणसांना विचारले, तर माणसे गाण्याविषयी बोलतच नाहीत. ती आपण कोठले, हे सांगतात. कोणी आळंदीला मत देतो, कोणी कोकणाला, कोणी मराठवाड्याला. यात श्रोत्याचे अज्ञान नाही. प्रश्नच तसा घातला आहे.

त्यातून हे मतदानही नव्हे. निवडणुकीत एका माणसाला एक मत आणि ते फुकट. येथे एकाच हाताने वाटेल तितके लघुसंदेश पाठवावेत, आणि प्रत्येकाला दाम मोजावा. हा दाम कोठे जातो याची थोडी चुणूक एका निराळ्या कार्यक्रमाच्या खटल्यात दिसली होती. 'कौन बनेगा करोडपती'च्या २००७ मधील प्रेक्षक-स्पर्धेत एका लघुसंदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. बक्षिसे या संदेशांच्या कमाईतूनच दिली जातात की काय, असा वाद राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेला आणि आयोगाने २००८ साली वाहिनी व दूरध्वनी कंपनीला १ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुराव्याअभावी तो आदेश रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने तेथे विषय संपला. मात्र ज्याच्या खिशात अधिक त्याची आवड अधिक, ही व्यवस्था रसिकतेच्या नावाखाली चालते, हे खटल्याच्या निकालाने बदलत नाही. अलीकडे मते भ्रमणध्वनीच्या ॲपवरून घेतात. पैशाचा भार त्यामुळे हलका झाला, वृत्ती तीच राहिली.

ही वृत्ती कोठवर जाऊ शकते याचे उदाहरण दार्जिलिंगने २००७ मध्ये दाखवले. 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात कोलकाता पोलिसांतला प्रशांत तमांग हा नेपाळीभाषक तरुण शिलाँगच्या अमित पॉलविरुद्ध अंतिम फेरीत उभा राहिला. डोंगराळ भागातील लोकांनी वर्गण्या काढून त्याच्यासाठी मते पाठवली. तो जिंकला, त्यानंतर एका रेडिओ निवेदकाच्या अवमानकारक शेऱ्यावरून सिलिगुडीत दंगल उसळली. चाहत्यांची ती संघटित शक्ती हाती घेऊन बिमल गुरुंग यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला आणि सुभाष घिसिंग यांचे जुने वर्चस्व काही महिन्यांत संपुष्टात आले. एका गायनस्पर्धेतून एक राजकीय चळवळ पुन्हा पेटली! ज्यांना देशात कोणी आपले म्हणत नव्हते त्यांनी एका आवाजाला आपले म्हटले, हे आम्हास समजते, हृदयाला भिडतेही. पण तो प्रशांत कसा गायला, हे आज कोणास आठवते काय?

आमच्या धर्मबंधूंना या संदर्भात आणखी एक उदाहरण आठवेल. २०१४ साली इटलीत 'द व्हॉइस' या स्पर्धेत उर्सुलाईन संघाच्या सिस्टर क्रिस्तिना स्कुच्चिया गायल्या. या स्पर्धेची पहिली फेरी विलक्षण असते: परीक्षक गायकाकडे पाठ करून बसतात, आवाज भावला तरच खुर्ची वळवतात. चौघांच्याही खुर्च्या वळल्या आणि समोर झगा-शिरोवस्त्रातली धर्मभगिनी पाहून ते थक्क झाले. संपूर्ण स्पर्धेतला निर्मळ न्याय आमच्या मते त्या दीड-दोन मिनिटांतच झाला. नंतरच्या फेऱ्यांत त्यांच्याबरोबर त्यांचे धर्मवस्त्रही गात होते, आणि जूनमधील अंतिम फेरीत सुमारे ६२ टक्के मते मिळवून त्या विजयी झाल्या तेव्हा ती मते कशाकशाला पडली, हे सांगणे कठीण. विजयानंतर त्यांनी मंचावर 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. २०२२ साली आपण धर्मभगिनीचे जीवन सोडल्याचे त्यांनी जाहीर केले. त्याचा दोष कोणी स्पर्धेच्या माथी मारू नये; तो त्यांच्या अंतःकरणाचा विषय. मात्र ज्यांनी वस्त्राला मत दिले होते त्यांची निराशा किती कडवट होती, हे त्या वेळच्या प्रतिक्रियांत दिसले.

हे आम्ही गागोदे बुद्रुक येथून लिहीत आहोत. पेण तालुक्यातले हे लहानसे गाव विनोबा भावे यांचे जन्मस्थान. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते येथे जन्मले. आई रखुमाईच्या मुखातील भजनांचा संस्कार त्यांनी आयुष्यभर सांगितला. तिच्याच इच्छेतून पुढे 'गीताई' आली. या गावात बसून मतमोजणीचा विचार करताना विनोबांचा एक आग्रह आठवल्यावाचून राहत नाही. बहुमताच्या निर्णयावर त्यांचा विश्वास नव्हता. पाचांच्या मुखी परमेश्वर ही जुनी गावकी, आणि तिघांनी दोघांवर मात करावी ही नवी रीत. विनोबांना पहिली हवी होती. सर्वांची संमती होईपर्यंत बोलत राहावे, असे त्यांचे म्हणणे. (पोपमहोदयांच्या निवडीलाही साधे बहुमत पुरत नाही, दोन-तृतीयांश मते लागतात, हे जाता जाता नमूद करू.) 'पंचरत्न' या उपाधीत पाचांचीच ती गावकी नकळत डोकावली होती. पाचही मुले अंतिम मंचावर आणली गेली, तेथेच निर्मात्यांनी थांबायचे होते, असे आम्हास वाटते. २०२१ च्या पर्वात ही पाचही जणे एकत्र परीक्षक म्हणून परतली; तेव्हा त्यांच्यातला पहिला कोण आणि पाचवा कोण, हे कोणी विचारले नाही.

स्पर्धा आमच्या कोकणाला परकी नाही. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात दोन पक्ष रात्रभर गाण्यातून एकमेकांना कोडी घालतात, उत्तरे देतात, टोमणे मारतात. श्रोते हसतात, ओरडतात, बक्षिसाच्या नोटा देतात. म्हणजे मत देतातच. तरी हरलेला गायक सामन्यातून बाहेर काढला जात नाही, कारण तो गेला तर जिंकलेल्याला सवाल कोण करणार? छोट्या पडद्यावर मात्र दर आठवड्याला एक मूल रडत बाहेर जाते आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ जातो. बालहक्क आयोगाने अशा कार्यक्रमांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगाच नव्हेत.

आणि संख्येचे काय? येथून काही कोसांवर कोर्लईला आमचे कॅथलिक बांधव अजूनही पोर्तुगीज वळणाची आपली स्वतंत्र बोली बोलतात. बोलणारे जेमतेम हजाराच्या आसपास. त्या बोलीतले गाणे कितीही सुरेल असले तरी कौलाच्या पहिल्याच फेरीत ते गारद होईल.

आमच्या धर्मग्रामांतल्या नाताळगीत स्पर्धांतही अलीकडे 'लोकप्रिय गायनवृंद' नावाचे बक्षीस शिरले आहे. ज्या वाडीची कुटुंबे जास्त, तिला ते मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. त्याऐवजी परीक्षकांना एखाद्या वर्षी पडद्याआड बसवून पाहावे, आणि निकालाच्या कागदावर क्रमांकाऐवजी प्रत्येक वृंदाविषयी चार ओळी लिहून घ्याव्यात, अशी आमची आयोजकांना सूचना आहे. वेळ थोडा अधिक लागेल. तेवढ्यात चहा होऊ शकतो.