कोलाजची धार कुठे गेली?

वऱ्हाडातले तरुण हल्ली मोबाइलवर कोलाज-पोस्टर करू लागले आहेत. ती बघताना माझी चिडचिड होते. पांढऱ्या ग्रीक पुतळ्याचं डोकं, डोळ्यांच्या जागी फुलं, मागे गुलाबी वर्तुळ, कोपऱ्यात इंग्रजी वर्तमानपत्राचा चिटोरा, आणि या सगळ्याला नाव दादावादाचं, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या बंडखोर कलाचळवळीचं. वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्यात बसून पोस्टर करायचं आणि त्यात तेल्हाऱ्याचा एकही कागद नाही!

बर्लिनच्या दादावाद्यांनी परके कागद वापरले नव्हते. त्यांच्यातली हाना होख उलश्टाइन या प्रकाशनसंस्थेत भरतकामाचे नमुने काढायची. पगार देणाऱ्या त्याच संस्थेची नियतकालिकं कापून तिनं १९१९-२० मध्ये स्वयंपाकघरातल्या सुरीचं नाव दिलेलं प्रचंड कोलाज रचलं. त्यात सेनापती हिंडेनबर्गचं डोकं नर्तिकेच्या धडावर आहे. उजव्या कोपऱ्यात खाली, बायकांना मताधिकार मिळालेल्या देशांचा नकाशा आणि त्याला लागून तिचा स्वतःचा इवलासा चेहरा आहे. कोण कुठे उभं आहे, हे त्या कोपऱ्यात कळतं. १९३२ मध्ये त्यांच्यातल्याच जॉन हार्टफील्डनं हिटलरच्या छातीचा एक्स-रे दाखवून पाठीचा कणा नाण्यांचा केला. अंगावर आलेल्या छापील खोटेपणाला त्याच कागदातून दिलेलं हे उत्तर होतं.

आपल्याकडे चित्रकार भूपेन खक्करांनी १९६५ मध्ये देवांची बाजारी छापील चित्रं चिकटवून मुंबईत प्रदर्शन केलं. साठोत्तरी अनियतकालिकांनी भाषा फोडली. पण चित्राला तेवढ्या त्वेषानं भिडणारे थोडेच निघाले. आणि आज? कॅनव्हा ॲपच्या तयार साच्यांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. एआयकडून आयतं मिळालेलं चित्र तर कोलाजच नव्हे, कारण त्यात कापायला काही नसतं.

कोलाज आमच्या महाविद्यालयांत पोचलं ते विद्यापीठांच्या युवक महोत्सवांतून. अडीच तास वेळ, बावीस बाय पंधरा इंचांचा कागद, कात्री स्पर्धकाची, जुनी मासिकं यजमानांची. नियम उत्तम आहेत. पण मुलं निळ्या जाहिरातीचे कपटे फाडून आभाळ करतात, हिरव्याचे मोर. कागदाचा रंग तेवढा घेतात आणि त्यावर काय छापलं होतं ते पुसून टाकतात. हे रंगकामच झालं, फक्त ब्रशऐवजी डिंकानं केलेलं. बक्षीस मिळतं ते सफाईला.

मोबाइलनं ही सफाई आणखी वाढवली. बोट लावलं की पार्श्वभूमी गायब, कडा मऊ, सावली आपोआप. दोन कागद एकमेकांवर आदळल्याची खूणच उरत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की आधी खरी कात्री चालवावी. कात्रणं झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयवर स्कॅन करावीत. फोटोशॉपमध्ये कापाची पांढरी किनार, घडीची रेघ, छपाईचे ठिपके तसेच ठेवावेत. संगणकाकडून आकार बदलणं आणि पुनरावृत्ती एवढंच काम घ्यावं.

आणि सामग्री? ती चौकातच आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स पाहा. मधोमध साहेबांचं भलंमोठं डोकं, खाली कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग, ज्याचा जेवढा मान तेवढा त्याचा चेहरा. आपल्या गावांत रोज दिसणारं कोलाज हेच, आणि ते संपूर्णपणे सत्तेच्या सेवेत आहे. हीच मांडणी उचलून उलटी करा. साहेबांच्या जागी कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट ठेवा, त्यावरच्या टपोऱ्या पांढऱ्याशुभ्र बोंडांसकट. खालच्या रांगेत कृषी केंद्राच्या उधारीच्या पावत्या आणि बाजार समितीच्या भावांची कात्रणं लावा. फवारणीच्या डब्यावरचा विषाचा लाल त्रिकोण बोंडांच्या मधोमध चिकटवा. पाकिटावरचं आश्वासन आणि पावतीवरचा आकडा शेजारी आले की घोषणेची गरजच राहत नाही. शेतकऱ्याचा सुरकुतलेला चेहरा काढून सहानुभूती मागणाऱ्या शंभर चित्रांपेक्षा असं एक पोस्टर मला मोलाचं वाटतं.

कुणी म्हणेल, स्पर्धेत राजकारण कशाला? कापणं हीच निवड आहे. काय ठेवायचं आणि काय फेकायचं हे ठरवणाऱ्याला तटस्थ राहता येत नाही. मोर काढणाराही निवड करतो, डोळे मिटून घेण्याची.

युवक महोत्सवांच्या परीक्षकांना आणि मुलांची तयारी करून घेणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: मोरांना बक्षिसं देणं थांबवा. यजमानांच्या गुळगुळीत मासिकांबरोबर मुलांना आपापल्या गावचे कागदही आणू द्या. आणि गुण देताना सफाई बघू नका, टक्कर बघा.