वीस मिनिटांच्या मशीनचं काय करायचं? कंबरदुखी, गाइडलाइन आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय 'कंबरदुखीच्या उपचारातील मार्गदर्शक तत्त्वे' असा छापला आहे. आम्ही आपापसात 'गाइडलाइन' म्हणतो, तोच शब्द इथे वापरू. विषय तांत्रिक वाटेल, पण ज्यांची कंबर कधीच दुखली नाही त्यांनी हात वर करा म्हटलं तर फार हात दिसणार नाहीत. (हशा) जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या आकड्यांनुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. म्हणजे विषय घरोघरचा आहे.

आधी एक दृश्य डोळ्यांसमोर आणू. क्लिनिकमध्ये एक बाई येतात. हातात एमआरआयचं मोठं पाकीट. "गादी सरकलीय, नस दबलीय," असं त्या सांगतात. आम्ही त्यांना पालथं झोपवतो, कंबरेला पॅड लावतो आणि मशीन सुरू करतो. मुंग्या येतात, बरं वाटतं. मग शेक, मग अल्ट्रासाउंड, कधी ट्रॅक्शन. वीस-पंचवीस मिनिटं जातात. शेवटच्या पाच मिनिटांत व्यायामाची झेरॉक्स हातात, कंबरेला पट्टा आणि "उद्या याच वेळेला या". अशा दहा सिटिंग. हे आम्ही बाहेरून टीका म्हणून सांगत नाही. आम्हीही वर्षानुवर्षं हेच केलं.

आता गाइडलाइन काय म्हणते ते पाहू. इंग्लंडमध्ये 'नाइस' नावाची राष्ट्रीय संस्था उपचारांचे पुरावे तपासून शिफारशी करते. कंबरदुखी आणि सायटिकाबद्दलची तिची गाइडलाइन नोव्हेंबर २०१६ मध्ये आली. अल्ट्रासाउंड देऊ नका, टेन्स देऊ नका, इंटरफेरेन्शियल, म्हणजे आपल्याकडचं आयएफटी, देऊ नका, ट्रॅक्शन देऊ नका, पट्टा देऊ नका, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. हाताने करायच्या उपचारांना जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीनेच. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळच्या कंबरदुखीबद्दल गाइडलाइन काढली. तिनेही ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, टेन्स आणि पट्टा यांच्या विरोधातच कौल दिला. थोडक्यात, मघाच्या दृश्यातून 'देऊ नका' म्हटलेलं सगळं वजा केलं, तर शेक आणि झेरॉक्स एवढंच उरतं.

यावर आमच्या व्यवसायातलं ठरलेलं उत्तर असं: "अहो, या गाइडलाइन दर काही वर्षांनी बदलतात." यात थोडं तथ्य आहे. नाइसच्याच २००९ च्या गाइडलाइनमध्ये अॅक्युपंक्चरला जागा होती, २०१६ मध्ये ते काढलं, आणि २०२३ ची जागतिक गाइडलाइन पुन्हा त्याच्या बाजूने सौम्य शिफारस करते. पण मशीनचं तसं नाही. २००९ मध्येही 'देऊ नका', २०१६ मध्येही 'देऊ नका'. ज्या मुद्द्यावर गाइडलाइन बदललीच नाही, तिथेही आम्ही तिच्या बदलण्याचं निमित्त सांगतो. ही पळवाट आहे आणि ती मान्य करायला हवी.

ही पळवाट फक्त आपल्याकडचीच नाही. फिजिओथेरपिस्ट पुराव्यांनुसार वागतात का, हे तपासणारा एक मोठा आढावा २०१९ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात आला. हाडं, सांधे, स्नायू यांच्या दुखण्यांवरचे ९४ अभ्यास त्यात एकत्र केले होते. फिजिओथेरपिस्टना थेट प्रश्न विचारणाऱ्या पाहण्यांमध्ये शिफारस असलेले उपचार निवडणारे मध्यकानुसार ५४ टक्के निघाले, तर 'करू नका' म्हटलेले उपचार निवडणारे ४३ टक्के. ज्यांच्याबद्दल बाजूने वा विरोधात शिफारसच नाही, असे उपचार निवडणारे ८१ टक्के! बघा, एकच माणूस व्यायामही देतो आणि मशीनही लावतो. गाइडलाइन मोडतोय असं त्याला वाटतच नाही, कारण तिच्यातली आवडलेली ओळ त्याने पाळलेली असते. थाळीतून आवडीची भाजी वाढून घ्यावी तशी आम्ही गाइडलाइन वाढून घेतो.

पण दोष एकट्या फिजिओथेरपिस्टचा नाही. गाइडलाइन हा एक लिखित मजकूर आहे, तो मजकूर म्हणूनही वाचून बघा. नाइसच्या भाषेत दोन क्रियापदं महत्त्वाची: 'ऑफर' म्हणजे द्या, आणि 'कन्सिडर' म्हणजे देण्याचा विचार करा. पुरावा भक्कम असेल तर पहिलं, नसेल तर दुसरं. कंबरदुखीत गटाने करायच्या व्यायामाला काय म्हटलंय? विचार करा. हाताने करायच्या उपचारांना? विचार करा. मानसोपचाराच्या पद्धतींना? विचार करा. ठामपणे 'द्या' आहे ते माहिती आणि सल्ला. आणि मशीनला ठणठणीत 'देऊ नका'. म्हणजे काढून घ्यायचं ते खात्रीने, आणि त्याच्या जागी ठेवायचं ते 'बघा विचार करून'. हा प्रामाणिकपणा आहे, पुरावा जेवढा तेवढंच बोलणं आहे. पण क्लिनिकमध्ये उभ्या असलेल्या फिजिओथेरपिस्टच्या हातात त्या वीस मिनिटांसाठी काय दिलं? फारसं काही नाही.

आणि ती वीस मिनिटं रिकामी नसतात. मशीन तीन कामं करतं, ज्यांची नोंद कुठल्याच गाइडलाइनमध्ये नाही. पहिलं, त्या बाईला दिवसभरात तेवढाच वेळ आडवं पडायला मिळतो. दुसरं, मशीन लावलं म्हणजे दुखणं खरं आहे असं घरच्यांना पटतं. "एवढं काही नाही गं" म्हणणारी सासूसुद्धा गप्प बसते. (हशा) तिसरं काम आमच्या सोयीचं: एकाला मशीनवर ठेवलं की बाजूच्या खाटेवरचे आणखी दोघं बघता येतात. जागेचं भाडं त्यातूनच निघतं. मशीन बंद केलं तर "आज करंट नाही लावला?" असं विचारलं जातं, आणि घरी गेल्यावर, "नुसतं बोलून पैसे घेतले."

शिवाय आमचा अनुभवच आम्हाला फसवतो. नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. दहा सिटिंगला तेवढाच वेळ लागतो. श्रेय मशीनला जातं, आणि पुढच्या वेळी दुखलं की पाय पुन्हा मशीनकडेच वळतात. इथे खरं नुकसान पैशांचं नाही. आपली कंबर नाजूक आहे, ती दुसऱ्या कुणीतरी दुरुस्त करायची असते, ही समजूत घट्ट होते. 'गादी सरकली' हा शब्दप्रयोग तिला खतपाणी घालतो. प्रत्यक्षात मणक्यातली गादी खुर्चीवरच्या उशीसारखी सरकत नाही, ती मणक्यांना घट्ट जोडलेली असते. २०१५ साली आलेल्या एका आढाव्यात, ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांचे स्कॅन एकत्र केले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे पाकिटातला फोटो खरा असतो, पण दुखण्याचं कारण तोच असेल असं नाही.

एक पथ्य मात्र सांगायलाच हवं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, सोबत ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं, कर्करोगाचा पूर्वेतिहास, मोठा मार लागणं, यांपैकी काही असेल तर आजचं आमचं बोलणं बाजूला ठेवा आणि ताबडतोब डॉक्टर गाठा.

आणखी एक टीका गाइडलाइनवर. 'सक्रिय राहा' हा सल्ला खुर्चीत बसून काम करणाऱ्याला बरोबर लागू पडतो. पण ऊसतोडीला गेलेल्या बाईला तो कसा सांगणार? ती थांबलेलीच नाही. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. तिला हालचाल वाढवायची नाही, ओझं कसं वाटून घ्यायचं आणि मध्ये दम कुठे खायचा हे ठरवायचं आहे. गाइडलाइन स्वतःच म्हणते की सल्ला त्या माणसाच्या गरजेप्रमाणे बेतावा. ते बेतणं तिला करता येत नाही, ते आम्हालाच करावं लागतं. आमचं कौशल्य कुठे आहे असं कुणी विचारलं, तर ते इथे आहे, मशीनच्या बटणात नाही.

मग मशीनच्या त्या वीस मिनिटांचं काय करायचं? आमच्यापुरतं आम्ही असं ठरवलं आहे. मशीन गुपचूप काढून घ्यायचं नाही, का काढतोय ते समोरासमोर सांगायचं. मग तीन प्रश्न विचारायचे: तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते? दुखण्यामुळे काय करायचं सोडलं? आणि पहिल्यांदा कोणत्या कामाला परत जायचं आहे? उत्तर 'जमिनीवर मांडी घालून जेवायचंय' असेल तर व्यायाम तिथूनच सुरू. घरच्यांपैकी एकाला सोबत बोलवायचं, म्हणजे दुखणं खरं आहे हे पटवायला मशीन लागत नाही. आणि या बोलण्याची फी घ्यायची, अपराधी न वाटता.

हे केल्यावर काही जण परत आले नाहीत. समोरच्या गल्लीत करंट मिळतो, ते तिकडे गेले. त्यांना आम्ही दोष देत नाही. करंट म्हणजेच उपचार, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं. ते पुसायला वेळ लागणार, आणि त्याची सुरुवात आमच्याच खाटेपासून व्हायला हवी.

आता प्रश्न घेऊया.