उतारा सुटला, वाचन राहिले

‘टमूने लिसाला घुपले.’ प्रश्न : लिसाला कोणी घुपले? उत्तर : टमूने. गुण पूर्ण, अर्थबोध शून्य!

केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून ‘सीयूईटी’ घेतली जाते. तिच्या इंग्रजीच्या पेपरात उताऱ्यांवर प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात, चुकल्यास १ कापला जातो. म्हणून सरावाची एक रीत रूढ झाली आहे : आधी प्रश्न वाचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधा, त्याच्या शेजारचे उत्तर उचला. वेळ वाचतो, पण ‘लेखकाला काय सुचवायचे आहे?’ असा प्रश्न आला की ही युक्ती लंगडी पडते.

मग दोष शब्दसंग्रहाला दिला जातो. तो अपुराच निदान आहे. १९८८ साली अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉल सामन्याचा उतारा दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले, खेळ न जाणणाऱ्या चांगल्या वाचकांपेक्षा सरस ठरली. विषयाची ओळख हा वाचनाचा पायाच आहे.

गडचिरोलीतील मुलचेरा तालुक्यात घरी गोंडी, बंगाली, मराठी बोलणारी मुले आहेत. त्यांच्यासाठी सुरुवात मोहफुलांवरील इंग्रजी उताऱ्याने का करू नये? फुले पहाटे गळतात, गुरे ती आवडीने खातात, एवढेच त्यात असावे. प्रश्न : वेचणारे उजाडण्यापूर्वी का निघतात? याचे उत्तर शोधून सापडत नाही, जोडावे लागते. मुलांनी ते आधी घरच्या भाषेत सांगावे, मग इंग्रजीत लिहावे. मेट्रो आणि शेअरबाजाराचे उतारे त्यानंतर, विषयाची ओळख करून देऊन घ्यावेत.