डनलेंडिंगांची बाजू : टॉल्किनच्या जगाचा इतिहास कोणी लिहिला?

आजचा विषय काल्पनिक जगाचा इतिहास. त्यातही टॉल्किनचं मिडल-अर्थ. 'द हॉबिट' १९३७ साली आलं, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन भागांत आलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पुस्तकं वाचली असतील, न वाचलेल्यांनी सिनेमे तरी पाहिले असतील. त्यामुळे गोष्ट सांगत बसत नाही. एकच प्रश्न घेतो : या जगाचा जो इतिहास आपण वाचतो, तो कोणाचा इतिहास आहे?

टॉल्किनचं कौतुक करताना लोक साधारण काय म्हणतात? की बघा, केवढं मोठं जग उभं केलंय! नकाशे, वंशावळी, भाषा, लिप्या, हजारो वर्षांची कालगणना. हे खरंच आहे. शेवटच्या भागाला जोडलेली परिशिष्टं म्हणजे एक छोटं इतिहासाचं पुस्तकच आहे. पण माझं म्हणणं असं की हे जग खरं वाटतं ते वंशावळींमुळे नाही. वंशावळी कोणीही रचू शकतो. ते खरं वाटतं, कारण त्याचा इतिहास एकतर्फी आहे आणि तो एकतर्फी असल्याच्या खुणा टॉल्किनने आत ठेवल्या आहेत.

आधी हा इतिहास कोणी लिहिला ते बघू. टॉल्किन म्हणतो, मी फक्त अनुवादक. मूळ ग्रंथ 'रेड बुक'. तो बिल्बोने सुरू केला, फ्रोडोने पुढे नेला, सॅमने शेवटची पानं भरली. पुढे त्याची एक प्रत गॉन्डोरच्या दरबारात गेली. तिथे भर पडली, दुरुस्त्या झाल्या. आपल्या हातात आहे ती त्या दरबारी परंपरेतून आलेली हकीकत. म्हणजे जिंकलेल्यांच्या बाजूची.

मराठी वाचकाला हे समजायला जड जाऊ नये. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आपण ती फेकून देत नाही. पण वाचताना विचारतो : हे कोण सांगतंय, कोणासाठी सांगतंय? राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, ती अस्सल कागद समोर यावेत म्हणून. तर हीच सवय मिडल-अर्थला लावून बघू.

उदाहरण घेऊ रोहानचं. घोडेस्वारांचं राज्य, सगळ्यांचं आवडतं. हे राज्य कसं झालं? तिसऱ्या युगाचं वर्ष २५१०. गॉन्डोरवर मोठं संकट आलं. उत्तरेकडून एओर्ल नावाचा तरुण सरदार स्वार घेऊन मदतीला धावला आणि लढाई फिरवली. गॉन्डोरचा कारभारी किरिऑन याने कृतज्ञता म्हणून त्याला एक अख्खा प्रांत देऊन टाकला. कालेनार्धोन. तेच पुढे रोहान. शपथा झाल्या, मैत्री झाली. वाचताना ऊर भरून येतो.

आता परिशिष्ट जरा हळू वाचा. हा प्रांत साथीनंतर विरळ झाला होता, असं गॉन्डोर सांगतं. ठीक. पण विरळ म्हणजे रिकामा नाही. रोहानचा तिसरा राजा आल्डोर. त्याच्याबद्दल एका वाक्यात नोंद येते की आयझेन नदीच्या पूर्वेला जे डनलेंडिंग उरले होते, त्यांना त्याच्या काळात हाकललं गेलं किंवा दबवलं गेलं. एवढंच. पुढच्या ओळीत दुसरा विषय. पण उरले होते म्हणजे आधी तिथे राहत होते ना? मग किरिऑनने दान दिली ती जमीन कोणाची होती?

पुढे बघा. हेल्म्स डीपच्या लढाईच्या रात्री गॅमलिंग नावाचा म्हातारा शिपाई तटावर उभा आहे. खालून शत्रू ओरडतोय. त्याला ती भाषा कळते. तो सांगतो की ही माणसांची जुनी बोली आहे, एके काळी रोहानच्याच पश्चिमेकडच्या खोऱ्यांत बोलली जायची. आणि गॉन्डोरच्या लोकांनी हा मुलूख एओर्लला दिला, हे गाऱ्हाणं ते पाचशे वर्षं विसरलेले नाहीत. लढाईच्या ऐन धामधुमीत शत्रूची बाजू कोण मांडतंय? आपल्याच तटावरचा म्हातारा. मला ही या कादंबरीतल्या उत्तम जागांपैकी एक वाटते.

आणि नावं बघा. 'डनलेंडिंग' हे नाव त्या लोकांचं नाहीच. ते रोहानवाल्यांनी ठेवलेलं, काळेसावळे, काळ्या केसांचे म्हणून. ते लोक स्वतःला काय म्हणायचे? कुठेही लिहिलेलं नाही. भाषांवरच्या परिशिष्टात टॉल्किन सांगतो की त्यांच्या बोलीतला एकच शब्द या ग्रंथात आला आहे. 'फोरगॉइल'. अर्थ, गवतासारख्या केसांचे. म्हणजे रोहानवाल्यांना त्यांनी दिलेली शिवी! एका अख्ख्या जमातीचं आपल्याकडे शिल्लक काय राहिलं, तर शत्रूने ठेवलेलं नाव आणि शत्रूला दिलेली शिवी. ज्यांनी वसाहतींचे दप्तर चाळलंय, त्यांना हे किती ओळखीचं वाटेल!

१९८० साली ख्रिस्टोफर टॉल्किनने वडिलांचं अप्रकाशित लेखन 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये छापलं. त्यात हे गाऱ्हाणं आणखी मागे जातं. दुसऱ्या युगात न्यूमेनोरचे दर्यावर्दी जहाजांसाठी लाकूड न्यायला किनाऱ्यावर आले आणि ग्वाथ्लो नदीच्या दोन्ही काठांची प्रचंड जंगलं त्यांनी उजाड केली. तिथले रहिवासी देशोधडीला लागले. त्यातले काही डनलँडच्या डोंगरांकडे सरकले. म्हणजे कादंबरीत आपण ज्यांच्या थोर वंशाचं गुणगान ऐकतो, त्या आरागॉर्नच्या पूर्वजांनी या लोकांचं जंगल आधी नेलं आणि त्याच वंशाच्या राज्याने पुढे जमीनही वाटून टाकली. मग सारुमान येतो आणि त्यांना चिथावतो. तो खोटं बोलतो हे खरंच. रोहानवाले कैद्यांना जिवंत जाळतात असं त्याने सांगितलेलं असतं, आणि लढाईनंतर सोडून दिलं तेव्हा ते लोक चकित होतात. पण खोट्याला रुजायला माती लागते. ती माती खरी होती.

फ्रेकाची गोष्टही याच अंगाने वाचा. रोहानच्या राजवंशाशी नातं सांगणारा श्रीमंत सरदार, पण डनलँडच्या रक्ताचा म्हणून कुजबुज असलेला. तो राजा हेल्मच्या मुलीला आपल्या मुलासाठी, वुल्फसाठी, मागणी घालतो. बोलाचाली होते, हेल्म त्याला एका ठोशात लोळवतो आणि तो मरतो. चार वर्षांनी, २७५८ मध्ये, वुल्फ राजधानी घेतो. या सगळ्यात जिच्यावरून भांडण पेटलं, त्या मुलीचं नावसुद्धा परिशिष्टात नाही. २०२४ च्या 'द वॉर ऑफ द रोहिरिम' या ॲनिमेशनपटाला तिला नाव द्यावं लागलं, हेरा. बखरीत राहिलेली मोकळी जागा सिनेमाने भरली.

आता कोणी म्हणेल, तुम्ही टॉल्किनवर आजचे विचार लादताय. मला तसं वाटत नाही. सॅम आठवा. इथिलियनमध्ये हारादचा एक मेलेला सैनिक त्याच्यासमोर पडतो, आणि सॅमच्या मनात येतं की याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का, की कोणाच्या थापांनी इतक्या लांब आला. घान-बुरी-घान आठवा. हा जंगलातला म्हातारा मुखिया रोहानच्या सैन्याला वाट दाखवतो, आणि बदल्यात मागतो काय? आम्हाला जनावरासारखं मारत फिरू नका, एवढंच. म्हणजे आपले लाडके घोडेस्वार आजवर माणसांची शिकार करत होते! हे मी लादलेलं नाही, त्याने लिहिलेलं आहे. घानच्या लोकांना शेवटी त्यांचं जंगल मिळतं. मॉर्डोरच्या गुलामांना नुर्नेन सरोवराकाठची जमीन मिळते.

मात्र ही नजर एका ठिकाणी थांबते. ऑर्क. गॉरबॅग आणि शाग्राट हे दोघे ऑर्क गप्पा मारतात की वरचे साहेब नकोत, चार भरवशाचे गडी घेऊन कुठेतरी निघून जाऊ. क्षणभर ते माणसं वाटतात. पण त्यांना गाऱ्हाणं नाही, पूर्वज नाहीत, मुलूख नाही. ते कुठून आले, याचं उत्तर टॉल्किन आयुष्यभर बदलत राहिला. एका जमातीला त्याने इतिहास दिला नाही, आणि त्याच्या जगातली सगळ्यात मोठी अडचण नेमकी तिथेच झाली. मला हा योगायोग वाटत नाही. कोणालाही न हळहळता मारता यावं असं वाटत असेल, तर त्याचा इतिहास काढून घ्यावा लागतो.

आज मराठीत नवी मुलं काल्पनिक जगं रचतायत, आणि फार चांगली गोष्ट आहे. त्यांना माझं सांगणं एवढंच : नकाशा काढा, वंशावळ करा, पण तुमच्या नायकाच्या राज्याबद्दल शेजारी काय तक्रार करतात तेही लिहून ठेवा. तिथून जग खरं व्हायला लागतं.

एक जागा सांगून थांबतो. युद्ध संपलंय. गँडाल्फ, हॉबिट आणि एल्फ यांचा तांडा घरी परततो, तो डनलँडमधून. तिथले लोक त्यांना बघून पळतात, लपून बसतात. तांडा पुढे जातो. सगळ्यांना काही ना काही मिळालं. यांना काय मिळालं, हे कोणी विचारत नाही. पुढच्या वेळी ते पान आलं की जरा थांबा.

आता प्रश्न घेऊ.