मालिकेतील महामानव आणि प्रेक्षकाची श्रद्धा : त्र्यंबकच्या संदर्भात

स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका १८ मे २०१९ रोजी, बुद्धपौर्णिमेस सुरू झाली व ऑक्टोबर २०२० मध्ये संपली. नागरी हक्कांचा लढा तिच्यामुळे घराघरांत पोहोचला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि हक्कांची ही कथा प्रेक्षकाच्या धर्मश्रद्धेवर कोणता संस्कार करते, हा प्रश्न समीक्षेने स्वतंत्रपणे विचारात घ्यावयास हवा.

त्र्यंबकेश्वरच्या संदर्भात या प्रश्नाचे मर्म विशेष जाणवते. ज्योतिर्लिंग, नारायण नागबळीसारखे विधी आणि संत निवृत्तिनाथांची पौष वारी यांनी या क्षेत्राचे धर्मजीवन घडविले आहे. काळाराम मंदिर सत्याग्रहापूर्वी येथे संत चोखामेळ्याचे मंदिर बांधण्याचा विचार अस्पृश्य समाजात पुढे आला होता. बाबासाहेबांनी त्यास अनुकूलता दर्शविली नाही. अस्पृश्यतेचे निर्मूलन हेच चोखोबांचे खरे स्मारक होय, अशी त्यांची भूमिका होती. पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकला सत्याग्रह सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मत्यागाची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. मंदिरप्रवेशाच्या मागणीपासून धर्मांतरापर्यंतचा हा प्रवास अनुभव व चिकित्सा यांतून घडलेला आहे.

मालिकेचे स्वरूप मात्र या चिकित्सेस सर्वस्वी पोषक नाही. ‘महामानव’ व ‘गौरवगाथा’ ही शीर्षकातील पदेच स्तुतिपर आहेत. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘रामायण’ मालिकेच्या वेळी दूरदर्शन संचाला हार घालणारा प्रेक्षकवर्ग आपल्याकडे होता. पडद्यावरील चरित्रनायकास आराध्य मानण्याची ही सवय येथेही कार्यरत होऊ शकते. तसे झाल्यास श्रद्धेचा विषय बदलतो, श्रद्धेची रीत तीच राहते.

दुसरी शक्यताही तितकीच खरी आहे. सागर देशमुख यांचे बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांच्या रमाबाई यांमुळे धर्माचा प्रश्न सभामंचावरून संसारात उतरतो. रमाबाईंची पंढरपूरची ओढ व तिला बाबासाहेबांनी दिलेला नकार हा चरित्रातील प्रसंग ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला त्यांच्या सहजीवनातील प्रेम आणि मतभेद एकाच वेळी समजू शकतात. श्रद्धाळू प्रेक्षक आत्मपरीक्षणास प्रवृत्त होतो तो अशा ठिकाणी.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेत बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजेविषयी इशारा दिला होता. त्र्यंबकच्या मंदिराविषयीची त्यांची भूमिका त्याच विचाराशी सुसंगत ठरते. सारांश, या मालिकेचे मूल्यमापन तिने जागविलेल्या भक्तीवरून न करता, प्रेक्षकाच्या आचरणातील समतेवरून करणे अधिक न्याय्य ठरेल.